चेन आधी मोजा, मग बदला: सायकलची चेन, दाते आणि बदलण्याची वेळ

नवी चेन टाकली आणि सायकल बिघडली. ऐकायला उलटं वाटतं, पण माझ्या बाबतीत अगदी असंच झालं. गोळेवाडीच्या नाक्यापासून सिंहगडाचा घाट चढायला लागलो. पहिल्याच उभ्या चढाला सीटवरून उठून जोर दिला, तर मागून ‘खट्ट’ आवाज आला आणि पाय पोकळीत गेल्यासारखा खाली गेला. गुडघा हँडलवर आपटला, मी पडता पडता वाचलो. चेन आदल्याच संध्याकाळी बसवलेली, कोरी.

दोष चेनचा नव्हता, माझा होता. आधीची चेन मी दोन पावसाळे वापरली आणि एकदाही मोजली नाही. तेल घालत होतो, पुसत होतो, खंडेनवमीला सायकल धुऊन झेंडूचा हारही घालत होतो. पण झीज दिसण्याची वाट बघत बसलो आणि ती डोळ्यांना दिसतच नाही. मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांचे दाते जुन्या चेनबरोबर झिजत तिच्याच मापाचे झाले होते. त्यांच्यावर नव्या मापाची चेन बसेना, म्हणून ती उडी मारत होती. एका चेनच्या पैशात जे भागलं असतं, त्यासाठी चेन आणि कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) दोन्हींचे पैसे गेले.

चेन ‘ताणते’ म्हणजे नेमकं काय होतं

‘चेन ताणली’ असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात पोलादाच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. चेनमधली प्रत्येक पिन आतल्या पट्टीच्या भोकात फिरते आणि दोन्ही एकमेकींना घासून झिजतात. भोक मोठं होतं, पिन बारीक होते आणि सांध्यात फट पडते. अशा शंभरावर फटी जमल्या की चेन लांब होते.

दुधाच्या किटल्या वाहणारी जुनी काळी सायकल असो की १२ गिअरची रेसर, एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर सगळीकडे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. गिअरप्रमाणे बदलते ती रुंदी. लांबी अर्धा टक्का वाढली, तर सरासरी एका सांध्यामागे जेमतेम ०.०६ मिलिमीटर झीज झालेली असते. ती नुसत्या नजरेला दिसणं शक्यच नाही. ११४ कड्यांच्या (एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत एक कडी) पूर्ण चेनवर मात्र तिची बेरीज ७ मिलिमीटरच्या वर जाते.

लांबलेल्या चेनचे रोलर (पिनांभोवती फिरणाऱ्या छोट्या नळ्या) दात्याच्या तळाशी न बसता थोडे वर चढून बसतात. सगळा जोर मोजक्या दात्यांवर येतो आणि ते चेनच्या नव्या मापाप्रमाणे खाल्ले जातात. म्हणजे खराब झालेली चेन हे अर्धंच नुकसान असतं. उरलेलं अर्धं ती मागच्या चकत्यांवर करत असते, आणि चकत्या महाग असतात.

मोजायचं कसं

लागतं फार थोडं: सुताराकडे असते तशी स्टीलची टेप, एक फडकं आणि चांगला उजेड. चेन आधी फडक्याने पुसून घ्या, म्हणजे पिनांच्या कडा दिसतील.

चेन ताठ नसेल तर माप फसतं. एकटे असाल तर मागच्या ब्रेकचा लिव्हर जुन्या ट्यूबच्या रबराने आवळून बांधा, उजवं पेडल पुढे आडवं ठेवा आणि त्याला दोन-तीन किलोची पिशवी अडकवा. चेनचा वरचा पदर ताठ होतो. तिथेच मोजायचं.

टेपच्या टोकाचा हूक थोडा हलता असतो, त्यामुळे शून्यापासून मोजू नका. एखाद्या पिनेची डावी कड १० सेंटिमीटरच्या रेघेवर आणा. ती पिन सोडून पुढच्या पिना मोजत जा आणि २४व्या पिनेची डावीच कड कुठे येते ते बघा. एकीकडे डावी कड आणि दुसरीकडे उजवी असा घोटाळा सगळ्यांकडून होतो, माझ्याकडूनही झालाय. नव्या चेनमध्ये हे अंतर १२ इंच, म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर असतं. म्हणून कड ४०.५ च्या रेघेच्या किंचित अलीकडे पडते. ती ४०.६ च्या थोडी पुढे गेली की झीज अर्धा टक्का झाली. ४०.७ च्या जराशी पुढे म्हणजे पाऊण टक्का. ४०.८ ला टेकली की पूर्ण एक टक्का, आणि तोवर बहुतेक उशीर झालेला असतो.

चेन तीन ठिकाणी मोजा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. निर्णय सर्वांत वाईट मापावर घ्यायचा.

चेन काढलेलीच असेल आणि नवी चेन हाताशी असेल, तर आणखी सोपा उपाय आहे. दोन्ही एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांगा आणि कड्या मोजून जुळवा. ११४ कड्यांच्या चेनमध्ये जुनी साधारण अर्ध्या कडीने खाली आली, तर झीज अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. एका पूर्ण कडीपेक्षा जास्त खाली आली, तर एक टक्क्याच्या जवळपास. मापाचा आकडा ज्यांना पटत नाही, त्यांना हे दृश्य पटतं.

बाजारात चेन चेकर मिळतात. पार्क टूलच्या सीसी-३.२ सारख्या साध्या पट्टीच्या दोन बाजू ०.५ आणि ०.७५ च्या असतात. टोक कडीत पूर्ण उतरलं, तर तेवढी झीज झाली असं समजायचं. ही साधनं झटपट आहेत, पण दोन रोलरना विरुद्ध दिशांना ढकलतात, त्यामुळे रोलरचा सैलपणाही झिजेत धरला जातो आणि चेन आहे त्यापेक्षा जास्त गेलेली दिसते. शिमानोच्या टीएल-सीएन४२ सारखे तीन टेकूंचे चेकर ही चूक टाळतात. स्रॅमच्या सपाट पाठीच्या १२ गिअरच्या चेनचे रोलर मोठे असतात, तिथे नेहमीचा चेकर चुकीचंच सांगतो. सायकल एकच असेल तर टेप पुरते. घरात चार सायकली असतील, तर चेकर घ्या.

आणखी एक चाचणी तुम्हाला कोणीतरी दाखवेल: पेडलांजवळच्या मोठ्या चक्राच्या पुढच्या टोकाला चेन चिमटीत धरून पुढे ओढायची आणि दाता उघडा पडतो का ते बघायचं. खरी आहे, पण ढोबळ. त्यात दाता अर्धा दिसला, तर चेनबरोबर बाकीचंही गेलंय असं धरून चाला.

कोणत्या मापाला बदलायची

मागे ११ किंवा १२ चकत्या असतील तर ०.५ टक्क्याला. ८ ते १० असतील तर ०.७५ ला. गिअर नसलेल्या सायकलला १ टक्क्यापर्यंत चालतं. किलोमीटरवरून मात्र ठरवू नका. कोरड्या डांबरी रस्त्यावर नीट पुसलेली चेन ५ हजार किलोमीटर जाते. तीच कोकणातल्या तांबड्या चिखलात किंवा बांधकामाची धूळ उडणाऱ्या रस्त्यावर २ हजारातच संपते. महिन्यातून एकदा मोजा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी.

आता माझं मत, जे वरच्या आकड्यांइतकं सरळ नाही. चेन कधी बदलायची हे खरं तर मागच्या चकत्यांच्या किमतीवर ठरतं. ७ गिअरच्या साध्या सायकलला जे फ्रीव्हील (मागच्या हबवर आट्यांनी चढवलेला चकत्यांचा संच) असतं, त्याची किंमत चेनपेक्षा फार वेगळी नसते. तिथे ०.७५ चा आकडा धरून दर वेळी नवी चेन घालत बसण्यात फायदा नाही. १ टक्का होऊ द्या आणि चेन व फ्रीव्हील जोडीने बदला. ११-१२ गिअरच्या सायकलचा हिशेब उलटा आहे. कॅसेटची किंमत चेनच्या कैक पट असते, त्यामुळे तिथे चेन लवकर बदलणं हीच काटकसर. वेळेवर बदलल्या तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन निघतात, हा दुकानातला जुना अंदाज बहुतेक खरा ठरतो.

आणि माप आधीच एकाच्या पुढे गेलं असेल तर? मग नुसती चेन बदलू नका. मी केलेली चूक तीच. एक तर चेन आणि कॅसेट एकदम बदला, नाहीतर आहे तसंच चालवा. हो, चालवा. जुनी चेन आणि जुने दाते एकमेकांना सरावलेले असतात. सपाट शहरी रस्त्यावर अशी जोडी बरेच महिने विनातक्रार चालते. गिअर जरा आळशीपणे पडतो, एवढंच. पण घाट चढत असाल, उभं राहून जोर देत असाल, तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही. आणि पुढचं चक्र क्रँकला (पेडलच्या दांड्याला) रिव्हेट मारून बसवलेलं असेल, जसं बऱ्याच स्वस्त सायकलींचं असतं, तर तेही झिजेल आणि मग पूर्ण क्रँकसेट घ्यावा लागेल. तो खर्च हिशेबात धरा.

काळ्या सायकलचं वेगळं सांगायला हवं. चेन सैल झाली की रस्त्याकडेचा सायकलवाला ‘कडी काढून देतो’ म्हणतो आणि खरंच काढून देतो. चेन पुन्हा ताठ होते, पण झीज तशीच राहते, आता फक्त झाकलेली. मागचं चाक ओढून ओढून खाचेच्या शेवटाला आलं, म्हणजे चेन बदलायची वेळ झाली असं समजा. पूर्ण चेनकव्हर असलेल्या सायकलींच्या चेन मात्र धूळ न लागल्यामुळे वर्षानुवर्षं टिकतात. ते खडखडतं म्हणून काढून टाकू नका, स्क्रू आवळा.

दाते बघायचे कसे

नव्या चकत्यांचे दाते मुळातच सारखे नसतात. गिअर सहज पडावा म्हणून काही आखूड, काही तिरके कापलेले असतात. ते बघून ‘झिजले’ म्हणणारे बरेच भेटतात. दात्याची उंची बघण्यापेक्षा दोन दात्यांमधली खोबण बघा. दोन्ही बाजूंना सारखी असेल तर ठीक. एका बाजूला ओढल्यासारखी लांबट झाली असेल आणि दाता हुकासारखा वाकलेला दिसत असेल, तर ती चकती गेली.

आधी जातात त्या लहान चकत्या आणि तुमच्या आवडीच्या. पुढे ४४ दाते आणि मागे ११ असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागची चकती चार फेरे घेते. म्हणजे तिच्या प्रत्येक दात्यावर चौपट काम. पुढचं चक्र म्हणूनच जास्त टिकतं. त्याचे दाते शार्कच्या परासारखे टोकदार होऊन एका बाजूला झुकले, किंवा जोर देताना चेन त्याला चिकटून वर ओढली जायला लागली, तर ते बदला. मागच्या डिरेलरमधल्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागातल्या) दोन छोट्या जॉकी चाकांकडे कोणी बघत नाही. त्यांचे दाते सुईसारखे झाले असतील, तर थोडक्या पैशात नवी जोडी येते.

उडी मारतेय, पण कुठून?

सगळ्या उड्या झिजेच्या नसतात. कॅसेट घ्यायला जाण्याआधी हे तपासा.

एकाच गिअरमध्ये, जोर दिल्यावर उडी मारते आणि चेन नवी आहे: ती चकती झिजली आहे. सगळ्या गिअरमध्ये थोडी थोडी, कटकट आवाज करत: आधी केबल आणि डिरेलरचं सेटिंग बघा, सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर डिरेलर जिथे अडकवलेला असतो तो हँगर वाकलाय का ते बघा. दर अडीच-पावणेतीन पेडलांनी एक झटका: एखादी कडी आखडली आहे. ११४ कड्यांची चेन ४४ दात्यांच्या चक्रावर साधारण तेवढ्या फेऱ्यांत एक चक्कर पूर्ण करते, म्हणून हा हिशेब. पेडल उलटं फिरवून डिरेलरकडे बघा, आखडलेली कडी तिथून जाताना ठेचकाळते. दोन्ही हातांनी ती आडवी जराशी वाकवली की बहुतेक मोकळी होते. पेडलच्या प्रत्येक फेऱ्यात ठराविक जागी झटका: पुढच्या चक्राचा दाता. आणि चेन अजिबात न हलता दात्यांवर बसलेली आहे, तरी पेडल मोकळं पुढे जातं: ही चेनची गोष्टच नाही, फ्रीव्हील किंवा फ्रीहबच्या (कॅसेट ज्याच्यावर बसते त्या हबच्या भागाच्या) आतले खटके धरत नाहीयेत.

बदलायची कशी

मागे जेवढे गिअर आहेत, तेवढ्याच गिअरची चेन घ्या. ८ गिअरची चेन बाहेरून ७ मिलिमीटरच्या आसपास रुंद असते, १२ गिअरची ५.३ च्या आसपास. अदलाबदल होत नाही.

चेन सर्वांत लहान चकतीवर आणा, पुढेही लहान चक्रावर. जुन्या चेनला क्विक लिंक (उघडता येणारी जोडकडी) असेल तर ती पकडीने दाबून उघडते, नाहीतर चेन कटरने पिन बाहेर ढकला. जुनी चेन सोडण्याआधी ती डिरेलरमधून कशी गेली आहे त्याचा फोटो काढा. दोन जॉकी चाकांच्या मधे एक छोटी पट्टी असते. नवी चेन तिच्या चुकीच्या बाजूने ओवली की सायकल चालते, पण खरखर थांबत नाही आणि दोन दिवस कारण सापडत नाही.

नव्या चेनची लांबी जुनीशी टोकाला टोक लावून जुळवू नका, जुनी लांबलेली आहे. कड्या मोजा. जुनीचीच लांबी बरोबर होती का अशी शंका असेल, तर नवी चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या सर्वांत मोठ्या चक्रावर आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर गुंडाळा. दोन टोकं जिथे जेमतेम जुळतात, त्याच्या पुढे दोन कड्या जास्त ठेवा आणि बाकीची कापा. मागे सस्पेन्शन असेल तर हे माप लागू पडत नाही. काही चेनना दिशा असते, त्यांची छापील अक्षरं बाहेरच्या बाजूला ठेवायची.

क्विक लिंक बसवून ती वरच्या पदरावर आणा, मागचा ब्रेक दाबा आणि पेडलवर जोर द्या. ‘टक्’ आवाज येऊन ती बसते. १० आणि त्याहून जास्त गिअरच्या बऱ्याच क्विक लिंक एकदाच वापरायच्या असतात, तिथे कंजुषी करू नका. काळ्या सायकलच्या जोडकडीला स्प्रिंगची क्लिप असते. क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं, उलट बसवली तर कुठेतरी अडकून निघू शकते.

मागच्या चकत्या बदलायच्या असतील तर आधी ओळखा, कॅसेट की फ्रीव्हील? चाक काढा, चकत्या उलट फिरवा आणि मधल्या खाचांकडे बघा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. त्या स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील. कॅसेटला लॉकरिंगचं (चकत्या जागेवर आवळून धरणाऱ्या रिंगचं) हत्यार आणि चकती धरून ठेवणारी चेन व्हिप लागते, आणि परत आवळताना ४० न्यूटन-मीटरचा जोर हवा. तो आकडा बहुतेक लॉकरिंगवरच कोरलेला असतो. फ्रीव्हील प्रत्येक पेडलने आणखी आवळत गेलेलं असतं, त्यामुळे पान्याने निघत नाही म्हणून घाबरू नका. त्याचा रिमूव्हर वर्कशॉपच्या व्हाइसमध्ये उभा धरा, चाक त्याच्यावर ठेवा आणि एसटीचं स्टिअरिंग फिरवल्यासारखं पूर्ण चाकच घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. नवं चढवताना आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका, पुढच्या वेळी स्वतःलाच दुवा द्याल.

पहिली चाचणी घाटात नको. रिकाम्या रस्त्यावरच्या हलक्या चढाला, सीटवर बसून, एकेक गिअर टाकत हळूहळू जोर वाढवा.

तेल आणि पुसणं

थोडक्यात सांगतो. तेल आत पिनेजवळ हवं, बाहेर नको. प्रत्येक रोलरवर एक थेंब टाका, पेडल उलटं फिरवा, थोडा वेळ थांबा आणि बाहेरचं सगळं पुसून काढा. ओलसर राहिलेली बाहेरची बाजू धूळ धरते, आणि तेल व धूळ मिळून पॉलिश पेपरचं काम करतात. बाहेरून थापलेलं ग्रीस, गाडीतून काढलेलं काळं इंजिन ऑइल, दोन्ही नकोत. शिलाई मशीनचं तेल कोरड्या दिवसांत बरं, पहिल्या पावसात धुऊन जातं. गंज काढायला अॅसिड कधीच लावू नका, पोलाद ठिसूळ होऊन चेन तुटू शकते.

चेन काढली असेल तर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत डिझेल किंवा डीग्रीजर घेऊन, चेन आत टाकून, झाकण लावून हलवा. दोन-तीनदा द्रव बदला, मग चेन पूर्ण वाळवून तेल घाला. पेट्रोल वापरू नका, घरात तर मुळीच नाही.

काढलेली जुनी चेन भंगारात टाकण्याआधी तिचा हातभर तुकडा कापून ठेवा. तो एखाद्या जाड लाकडी पट्टीला दोन बोल्टने जोडला की घरचा चेन व्हिप तयार होतो. माझी पुढची कॅसेट मी त्यानेच काढली.